शंभर होईपर्यंत

सोमवार, ३ डिसेंबर

पोचलो एकदाचा. पंचवीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवल्यावर संस्थेला शोध लागला की ही भाषा कुणी बोलत नाही. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी अपघातात मोडलेल्या गाड्या उचलून आणणाऱ्या, घाटमाथ्यावरच्या एका यार्डात कारकून म्हणून रुजू झालो आहे. मृत भाषेकडून मृत वाहनांकडे. मेव्हण्याच्या मते ही बढती आहे, कारण इथे निदान गिऱ्हाईक स्वतःहून फोन करतं.

राहायची सोय ऑफिसच्या वरच्याच खोलीत. एक पलंग, एक टेबल, भिंतीत कपाट. कपाटाचं दार उघडलं की पलंगाला अडतं, त्यामुळे आत हात घालायचा तर आधी पलंगावर चढावं लागतं. खिडकीतून सगळं यार्ड दिसतं: चेपलेल्या, वाकलेल्या, तोंड फुटलेल्या तीसेक गाड्या रांगेत उभ्या. मधली सुट्टी संपल्यावरचा माझा जुना वर्गच.

यार्डाच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. साठीच्या पुढच्या, बोलणं तुटक, नजर सर्व्हेअरची. नवरा गेल्यापासून एकहाती धंदा चालवतात. गाड्या उचलायचा ट्रक चालवणारे ते ‘उस्ताद’. त्यांनी पहिल्याच भेटीत मला ‘गुरुजी’ करून टाकलं आणि विचारलं की, संस्कृतात शिव्या आहेत का. आहेत म्हटल्यावर माझ्याविषयीचा त्यांचा आदर डोळ्यांदेखत वाढला.

ही आणि लेक रविवारी, १६ तारखेला गाडी घेऊन माझं ‘नवं साम्राज्य’ बघायला येणार आहेत. लेकीने गाडी नवीच घेतली आहे आणि ती चालवायची तिला भारी हौस. फोनवर हिने बजावलं की, जेवणानंतर शतपावली चुकवू नका. आणि लगेच पुढे म्हणाली की, चुकवू नका म्हणजे पूर्ण करा, कारण तुमची नेहमी चाळीसपावली होते. गेल्या सव्वीस वर्षांतला हा तिचा सर्वांत जुना विनोद. खरा असल्यामुळे टिकला आहे.

मंगळवार, ४ डिसेंबर

काम समजावून घेतलं. टक्कर झाली की गाडीवाल्याचा नाहीतर पोलिसांचा फोन येतो. आपण जागा विचारायची, गाडी चाकांवर ढकलता येते का विचारायचं, उस्तादांना ट्रक घेऊन पाठवायचं. ते ट्रकचा फाळका, म्हणजे मागची सपाट फळी, खाली टेकवतात आणि तारेच्या दोराने गाडी वर ओढून घेतात. मग विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गाडी बघतो, आणि शेवटी ती गॅरेजात जाणार की भंगारात हे ठरतं. दरम्यान गिऱ्हाइकाला धीर द्यायचा. धीर देण्याचा मला अनुभव आहे. निकालाच्या दिवशी मी दुसरं काहीच करत नसे.

प्रत्येक गाडीमागे एक पत्रक भरायचं. गाडी, जागा, नुकसान, कुठे न्यायची. आणि शेवटचा रकाना नुसताच ‘उतरले’. कर्ता अध्याहृत. कोण उतरले, असं विचारल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

रीत अशी. टक्कर ज्या जागी झाली तिथेच, गाडी हलवण्याआधी, उस्ताद चारही दारं उघडतात आणि आत बघून म्हणतात की, उतरा, गाडी न्यायची आहे. मग ते ऑफिसला फोन लावतात, स्पीकर चालू करतात, आणि फोन उघड्या दाराशी धरतात. ऑफिसातल्या माणसाने सावकाश एक ते शंभर मोजायचे. शंभर झाले की पत्रकात ‘उतरले’ लिहायचं. त्यानंतरच तार लावायची.

मी म्हटलं की, जखमींना तर आधीच नेलेलं असतं. बाई म्हणाल्या की, ज्यांना नेतात त्यांच्यासाठी हे नाहीच. काही लोक इतके अचानक जातात की, प्रवास संपल्याचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते बसून राहतात. त्यांना सांगायचं, थोडा वेळ द्यायचा, आणि मग गाडी न्यायची. माणसाला उतरायला वेळ लागतो, मास्तर, एवढं बोलून त्यांनी पेन उचललं.

उस्तादांनी मागून डोळा मारला नाही. मी वाट बघितली होती.

बुधवार, ५ डिसेंबर

आज पहिली मोजणी. बंद पडलेल्या ट्रकवर मागून आदळलेली एक पांढरी गाडी, सगळे सुखरूप. तरी मोजायचंच. मोकळ्या ऑफिसात फोनशी शंभरपर्यंत आकडे म्हणणं हा प्रकार इतका बालवाडीचा वाटला की, माझा आब राखण्यासाठी मी संस्कृतात मोजलं. एकम्, द्वे, त्रीणि. पार शतम् पर्यंत. उस्ताद खूश. म्हणाले की, आमच्याकडे कुठल्या गाडीला आजपर्यंत इतक्या इतमामाने कुणी उचललं नव्हतं; आता रोज हेच चालवा. त्यांना काय कळतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही, म्हणूनच बरं वाटतं.

शुक्रवार, ७ डिसेंबर

दमलो. सकाळी असं धुकं की खिडकीतून यार्डाचं फाटक दिसेना. साडेसातपासून तीन टकरा. दोन किरकोळ, तिसरी वाईट: घाटातल्या तिसऱ्या वळणावर, आठ वाजून दहा मिनिटांनी, निळ्या गाडीला वरून येणाऱ्या टेम्पोने डाव्या अंगाला धडक दिली. गाडी चालवणारा गृहस्थ खरचटण्यावर निभावला. मागे डाव्या बाजूला त्याची थोरली बहीण बसली होती. ती जागीच गेली.

उस्तादांनी दारं उघडून फोन धरला तेव्हा इकडे दुसरा फोन कोकलत होता, दारात एक रिक्षावाला हुज्जत घालत होता आणि मोबाईलवर सर्व्हेअर. मी मोजायला लागलो. चत्वारिंशत्, म्हणजे चाळीसपर्यंत आलो. दुसरा फोन थांबेना. मग मी — आता लिहूनच टाकतो, रोजनिशीशी खोटं बोलण्यात मजा नाही — चत्वारिंशत् नंतर सरळ शतम् म्हणालो.

उस्तादांनी विचारलं की, आज लवकर झालं का. मी म्हटलं, संस्कृत ही संक्षेपाची भाषा आहे. ते हसले, तार लावली. मी पत्रकात ‘उतरले’ लिहिलं.

चाळीसपावली. हिला सांगितलं तर वर्षभर पुरेल.

शनिवार, ८ डिसेंबर

निळी गाडी माझ्या खिडकीच्या बरोबर खाली आहे. उस्ताद कुरकुरत होते की, एवढीशी गाडी ओढताना तार नको तेवढी कुरकुरली, आणि आता उभी आहे तीसुद्धा मागच्या डाव्या चाकावर बसल्यासारखी. मी म्हटलं, स्प्रिंग गेली असेल. ते म्हणाले, स्प्रिंग बघितली, ठणठणीत आहे.

दुपारी गाडीवाले आले. गळ्यात मफलर, कपाळावर पट्टी. कागदांवर सह्या केल्या, पण नजर सारखी खिडकीबाहेर. मग आपणहून बोलायला लागले. आक्का कधी पुढे बसली नाही; पुढे बसलं की गाडी आपणच चालवतोय असं वाटतं म्हणायची. आणि प्रत्येक वळणावर विचारायची, आलं का? सांगायचो, आक्का, अजून दोन तास आहेत. पुढच्या वळणावर परत, आलं का? घर आलं तरी स्वतः उतरायची नाही. कुणीतरी दार उघडून ‘उतर, आलं’ म्हणावं लागायचं. हे सांगताना ते हसले आणि मग त्यांना मफलर डोळ्यांना लावावा लागला.

मी त्यांना पाणी दिलं.

रविवार, ९ डिसेंबर

सुट्टी. सकाळी अंग शेकायला उन्हात उतरलो. रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा कोरड्या. निळ्या गाडीची मागची डावी काच धडकेतून वाचली आहे, फक्त तडा गेलाय. ती धुरकट होती. बोटाने पुसून बघितली. बाहेरून पुसली जाईना.

आतून वाफ धरलेली.

गाडीत ओल राहिली असणार. तर्कशास्त्रात धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतात. काचेवर वाफ दिसली की कशाचं करायचं, ते मी आज करणार नाही.

मंगळवार, ११ डिसेंबर

सर्व्हेअरने शनिवारी दुपारी येतो म्हणून कळवलं. तो बघून गेल्याशिवाय निळी गाडी हलवता येणार नाही.

विमा कंपनीसाठी गाडीचे फोटो काढायला गेलो. मागच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. शुक्रवारचे उस्तादांचे फोटो काढून बघितले: पट्टा सुटलेला, दाराबाहेर लोंबतोय. यार्डाची किल्ली बाईंकडे, गाडीची माझ्याकडे. मी सोडला. खटका नेहमीसारखाच वाजला. पट्टा कोमट होता.

दुपारी दुसऱ्या गाडीसाठी मोजणी होती. यावेळी मराठीत मोजलं, एकही आकडा न गाळता. शंभर झाल्यावर उस्तादांनी विचारलं की, ऑफिसात कोण बाई आल्या आहेत. बाई बँकेत गेल्या होत्या, मी एकटाच होतो, तसं सांगितलं. ते म्हणाले की, चाळीसपर्यंत तुमचा एकट्याचा आवाज होता, गुरुजी. एकेचाळीसपासून तुमच्याबरोबर एक बाई मोजत होत्या. हळू. शिकल्यासारख्या.

मी म्हटलं, फोनमध्ये घुमतं. त्यांनी फोन ठेवून दिला.

बुधवार, १२ डिसेंबर

ऑफिसात गिऱ्हाइकांसाठी रेक्झिनच्या दोन खुर्च्या आहेत. डावी दबलेली होती, जसं कुणी बसलेलं असावं. माझ्या डोळ्यांसमोर ती हळूहळू फुगून वर आली. मी फोनवर होतो. पलीकडचा माणूस गाडीचा नंबर सांगत होता आणि मी तो तीनदा चुकीचा लिहून घेतला.

खिडकीखालच्या गाडीचं मागचं चाक आता सरळ उभं आहे. वजन उतरलंय. म्हणजे त्या गाडीतून उतरलंय.

जिना चढताना मागून, अगदी साध्या आवाजात, थकलेल्या माणसाच्या — आलं का?

मी वळलो नाही. दहा पायऱ्या. प्रत्येक वळणावर विचारायची, गाडीवाले म्हणाले होते. जिन्याला एकच वळण आहे.

गुरुवार, १३ डिसेंबर

सकाळी उजेडात, सगळ्यांच्या देखत, निळ्या गाडीची दारं उघडली. उतरा म्हटलं. मोजायला लागलो. उस्ताद दूर उभे राहून बघत होते. चाळीसला आलो तेव्हा चारही दारं मिटली. आपटली नाहीत. कंटाळलेल्या माणसाने ओढून घ्यावीत तशी.

उस्ताद जवळ आले आणि त्यांनी एवढंच विचारलं की, त्या दिवशी किती मोजले होतेत.

मी सांगितलं.

त्यांनी संस्कृतात शिवी मागितली नाही. मराठीतलीच दिली. माझ्याकडून तिला हरकत नव्हती.

शुक्रवार, १४ डिसेंबर

बाईंना सांगितलं. मला वाटलं, कामावरून काढतील. त्या बराच वेळ समोरच्या डाव्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की, ही रीत मी घातली, मास्तर, हौसेने नाही. आमचे हे असेच घाईचे. एकदा पावसात न थांबता गाडी ओढून आणली. तीत एक म्हातारा बसून राहिला होता. तो आधी गाडीत होता, मग ऑफिसात, मग आमच्या जेवणघरात. जिथून जायचं ती जागा हातची गेली की ते घर शोधत बसतात, आणि घर म्हणजे काय तर जी गाडी त्यांना न्यायला आली असं वाटतं ती. आठव्या दिवशी आमचा धाकटा दीर ह्यांना भेटायला आला. परत जाताना त्याच्या गाडीत तो म्हाताराही बसला. गाडी दरीत सापडली. दीर आणि हे दोघंही आत. हे फक्त त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला म्हणून बसले होते.

मग त्यांनी विचारलं की, तुम्हाला भेटायला कुणी येणार आहे का.

रविवारी. माझी लेक. ही.

उपाय एकच, म्हणाल्या. गाडी होती त्याच जागी, त्याच वेळेला परत ठेवायची. ज्याने मोजणी मोडली त्यानेच समोर उभं राहून मोजायचं. मध्ये दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि तुम्ही आकडे खाणारे, तेव्हा लिहून मोजा, प्रत्येक आकडा कागदावर. पुन्हा मोडलीत तर त्या जागीही ती उतरणार नाही, कधीच.

सर्व्हेअर उद्या दुपारी. म्हणजे रविवारी सकाळी, आठ दहाला.

घरी फोन केला. म्हटलं, येऊ नका. ही हसली. मग हसायची थांबली, विचारलं, अहो, बरं नाही का तुम्हाला? म्हटलं, ठीक आहे. तर म्हणे, मग तर येणारच. लेकीने फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली की, बाबा, तुम्ही खोटं बोलताना व्याकरण शुद्ध करता. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं: धुकं असतं, दहाच्या आधी निघू नका. बारानंतर पोचा. हो म्हणाली.

तोवर झालेलं असेल.

शनिवार, १५ डिसेंबर

सर्व्हेअर आला. बघितलं, सही केली. विचारलं की, मागे पट्टा लावून कोण ठेवतं, उगाच क्लिप जाते.

झोप नाही. टेबलाशी बसलो तर पलंग करकरतो. पलंगावर बसलो तर खुर्ची.

आलं का?

नाही म्हणालो. मोठ्याने. मी तिला उत्तर दिलं.

आलं का?

उद्या, आक्का. उद्या सकाळी.

गप्प झाली. चाळीस वर्षं तिच्या भावाने हेच केलं असणार.

रविवार, १६ डिसेंबर

सव्वासात. ट्रकच्या केबिनमध्ये लिहितोय. धुकं शुक्रवारच्या त्या सकाळपेक्षा दाट. निळी गाडी मागे फाळक्यावर बांधलेली. मी आणि उस्ताद पुढे, मध्ये एक जागा मोकळी. उस्ताद त्या जागेकडे बघत नाहीत. गिअर टाकताना कोपर आवरून घेतात. उतारावर ट्रक ब्रेक दाबून कण्हतोय.

बाई ऑफिसात फोनशी.

सात पन्नास. तिसरं वळण. फाळका टेकवला, गाडी उतरवली. पोलिसांच्या चुन्याच्या खुणा अजून आहेत. चाकं बरोबर त्यांच्यावर. म्हणजे रस्त्याच्या मध्यात. वरच्या अंगाला उस्ताद लाल कंदील घेऊन उभे राहतील. खालच्या अंगाला माणूस नाही, म्हणून लाल त्रिकोण. उस्तादांनी बजावलं की, पुरा शंभर पावलांवर ठेवा, गुरुजी, वळणापलीकडे, म्हणजे येणाऱ्याला ब्रेक दाबायला वेळ मिळेल. घेऊन गेलो. धुक्यात माझ्यामागे दुसरी पावलं. थांबलो की थांबत. ठेवला आणि आलो.

आठ पाच. दारं उघडली. पट्टा लावलेला आहे. सीट दबलेली आहे. आली आहे.

आठ दहा. उतरा, आक्का. गाडी न्यायची आहे.

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १०
११ १२ १३ १४ १५ १६ १७ १८ १९ २०
काचेवर वाफ — येते, जाते, येते
२१ २२ २३ २४ २५ २६ २७ २८ २९ ३०
३१ ३२ ३३ ३४ ३५ ३६ ३७ ३८ ३९
४०
दारं मिटली नाहीत
४१ बरोबर मोजते आहे ४२ ४३ ४४ ४५ ४६
४७ ४८ ४९ ५० पट्ट्याचा खटका. सुटला.
५१ ५२ खिशात फोन वाजतोय. घ्यायचा नाही
५३ ५४ ५५ परत ५६ ५७
५८ थांबला ५९ ६०
६१ निरोप आला. हिचा. बघतो फक्त — ६२
‘लवकरच निघालो, तुमचा जीव टांगणीला नको. घाट लागला. धुकं फार आहे हो. चहा टाका.’
६३
६४ किती वाजता पाठवलाय — ६५ — आत्ता
६६ घाट लागला म्हणजे खालचं अंग ६७ त्रिकोण आहे. त्रिकोण आहे ६८
६९ पावलं मोजली होती मी. मागे ती होती म्हणून ७०
७१ किती
७२ वळणापर्यंत गेलोच नाही
७३
७४ चाळीस
७५ ७६ उस्तादांना हाक मारता येत नाही ७७ आकडेच ओरडतो ७८ ७९ त्यांना वाटतं मी नीट मोजतोय. हात वर केला त्यांनी. शाबास म्हणून
८० ८१ ८२ सोडून पळालो तर आक्का इथेच, रस्त्यात, बसलेली, आणि समोरून त्या दोघी — ८३
८४ मोजून झालं तर उतरेल. दार मोकळं. मग ढकलू. वेळ आहे ८५ ८६
८७ इंजिन ऐकू येतं. खालून
८८ लेक दुसऱ्या गिअरवर फार ताणते. सांगितलं होतं ८९
९० ९१ सीट वर येते आहे. उतरते आहे. एक पाय
९२ ९३ ९४ दोन दिवे
९५ धुक्यात ९६ त्रिकोणाच्या अलीकडे
९७ उतरली. माझ्याकडे बघत नाही. दिव्यांकडे बघते
९८ न्यायला आल्यासारखी हसून. म्हणाली, आलं
९९ मी वही टाकून पळ